प्रवास दिसला की लगेच प्रतीक?

नागपुरातल्या ज्युनियर मंडळींचे पीएचडीचे प्रस्ताव अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘कादंबरीतील प्रवास हे आत्म्याच्या उद्धाराचे प्रतीक आहे.’ कशावरून? मी मूळची एमएस्सीची, म्हणून आणखी एक विचारते: काय सापडलं तर हे विधान चुकीचं ठरेल?

जॉन बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) हरी केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणलं. ती सरळ रूपककथा आहे. नायकाचं नावच ‘ख्रिश्चन’. त्याच्या पाठीवरचं ओझं क्रूसापाशी आपोआप गळून पडतं. हे ‘आपोआप’ महत्त्वाचं, कारण प्रोटेस्टंट विचारात तारण ही देवाची कृपा आहे, ते चालून कमावता येत नाही. आपल्या तीर्थयात्रेत मात्र चालण्यालाही पुण्य मानतात. (वारकरी संतांचं म्हणणं वेगळं, तो स्वतंत्र विषय.) म्हणजे ‘यात्रिक’ हा शब्द आपला, पण हिशेब उलटा!

आता बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) घ्या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते नेटसाठी पाठ करतो. लेखक १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले, पुढे यमुनाही ख्रिस्ती होते. ‘बन्यनचा प्रभाव’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतोच. पण वाटेत यमुनेला भेटणाऱ्या विधवांचं दुःख दुसऱ्या कशाची खूण नाही, ते दुःखच आहे. पुनर्विवाहाचा कायदा नुकताच, १८५६ मध्ये, झालेला. या बायकांना ‘पापी आत्म्याचं प्रतीक’ केलं, तर पुस्तकाची तक्रारच पुसली जाते. आणि यमुना नदीचं नाव म्हणून त्यात बाप्तिस्म्याचं पाणीही शोधू नका, प्लीज.

प्रयोगशाळेत एखादं जनुक बंद करून काय बिघडतं ते बघतात, तसं करून बघा. बन्यनमधून क्रूस काढला तर कथाच उरत नाही. ‘यमुनापर्यटन’मधून धर्मांतर काढलं तरी विधवांविषयीचा युक्तिवाद उभा राहतो. अडचण येते ती शेवटी. विधवा झालेली यमुना ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते, तेव्हा ते नवं आयुष्य सामाजिक सुधारणा की ख्रिस्ती अर्थाने नवा जन्म? माझ्या मते दोन्ही, आणि खरा संशोधन प्रश्न इथेच आहे.

सुरुवात शीर्षकापासून करता येईल. पदमनजींनी ‘यात्रा’ न म्हणता ‘पर्यटन’ म्हटलंय. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ चीच आहे. त्यात दोन्ही शब्द आधी बघून या.