मेंदूतील उत्तेजक: ‘डावे’ की ‘उजवे’?

उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही. काही औषधांच्या रेणूंचेही तसेच असते. घटक तेच, वजन तेच; मात्र रचना आरशातील प्रतिबिंबासारखी उलट. मेथॲम्फेटामीन या उत्तेजक द्रव्याची अशी दोन रूपे आहेत. त्यामुळे मृताच्या मेंदूत हे द्रव्य ‘सापडले’ एवढे म्हणणे पुरेसे नसते. कोणते रूप आणि किती, हेही सांगावे लागते.

रूपे दोन, परिणाम दोन
‘उजवे’ रूप मेंदूतील चेतापेशींमधून मोठ्या प्रमाणावर डोपामाइन बाहेर काढते. व्यसन जडते ते मुख्यतः याचेच. ‘डावे’ रूप मेंदूवर बरेच सौम्य असून ते प्रामुख्याने रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणूनच अमेरिकेत चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या इनहेलरमध्ये ते वापरले गेले. कंपवातावरील सेलेजिलिन या औषधापासूनही शरीरात ‘डावे’ रूपच तयार होते.

हा भेद किती मोलाचा, हे २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये दिसले. ब्रिटिश स्कीपटू ॲलन बॅक्स्टर याने असा इनहेलर वापरला होता. नियमांत दोन्ही रूपांना सरसकट बंदी असल्याने त्याला कांस्यपदक गमवावे लागले.

मोजणी कशी होते?
दोन्ही रूपांचे वस्तुमान सारखेच असल्याने केवळ वस्तुमान मोजून ती ओळखता येत नाहीत. प्रथम मेंदूच्या ऊतीचा वजन केलेला तुकडा बारीक घोटून त्यातील प्रथिने व मेद शक्य तितके वेगळे काढले जातात. तुलनेसाठी जड हायड्रोजनयुक्त तेच औषध ठरावीक प्रमाणात मिसळले जाते. नंतर हा द्रव स्वतःच डावे-उजवेपण असलेल्या पदार्थाने भरलेल्या बारीक नळीतून सोडतात. एक रूप त्यात अधिक अडखळते व उशिरा बाहेर पडते. मग वस्तुमानमापक यंत्र दोहोंचे प्रमाण स्वतंत्रपणे नोंदवते.

अर्थ लावताना सावधगिरी
फक्त ‘डावे’ रूप आढळल्यास औषधोपचाराची शक्यता तपासावी लागते. एफेड्रिनपासून बनवलेल्या अमली पदार्थात ‘उजवे’ रूप असते, तर अन्य काही पद्धतींनी दोहोंचे मिश्रण तयार होते. शिवाय दोन्ही रूपे शरीरातून सारख्या वेगाने बाहेर पडत नाहीत. त्यामुळे त्यांचे गुणोत्तर काळानुसार बदलते. म्हणूनच एका आकड्यावरून मृत व्यक्तीवर व्यसनाचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरू शकते.