घरच्या विमानाला नवं इंजिन

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्याच्या दक्षिणेला, महागाव तालुक्यात, फुलसावंगी नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या २४ वर्षांच्या एका तरुणाचा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मृत्यू झाला. शाळा लवकर सुटलेली, पण पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या कामात हात बसलेला. कपाटं, कूलर बनवता बनवता त्यानं मारुती ८०० चं इंजिन बसवून एका माणसापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. चाचणी चालू असताना शेपटीकडचा छोटा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचा घाव त्याच्या डोक्यावर बसला.

या घटनेनंतर विदर्भात दोन मतं ऐकू येत राहिली. सरकारनं मदत केली असती तर पोरगं कुठल्या कुठे गेलं असतं, हे एक. असले उद्योग घरी करायचेच नसतात, हे दुसरं. दोन्ही मतांमध्ये खरी गोष्ट हुकते. त्या यंत्रात इंजिन निकामी झालं नव्हतं. इंजिनाची ताकद ज्या सुट्या भागांपर्यंत पोचत होती, त्यांतला एक भाग तिच्यापुढे टिकला नाही. घरी बनवलेल्या विमानात कुठलाही बदल करताना, मग तो इंजिनाचा असो, रंगाचा असो की एका साध्या चावीचा, हाच प्रश्न विचारावा लागतो: हा बदल आणखी कुठेकुठे जाऊन पोचेल?

घरी विमान बनवणं हा मुळात वेडेपणा नाही. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना सुरू केली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीच्या आरव्ही मालिकेतली अकरा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत, आणि ती बहुतेक लोकांनी आपल्या गॅरेजात रिव्हेट ठोकून जोडलेली आहेत. तिथल्या नियमानुसार विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्या माणसांनी स्वतः केलेलं असावं लागतं.

महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं टीएसी-००३ हे विमान बांधलं. त्याआधीची त्यांची दोन विमानं उडण्यापर्यंत पोचली नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात हे विमान मांडलं गेलं आणि घराघरांत पोचलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, तेव्हा अनेकांनी धरून चाललं की आता ते उडणार.

इथे पहिला मोठा गैरसमज आहे. नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. नोंदणीनं विमानाला ओळख मिळते. ते हवेत नेण्यासाठी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र किंवा मर्यादित अटींचा उड्डाण परवाना वेगळा घ्यावा लागतो. यादव यांना तो परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे नोंदणीनंतर जवळपास दोन वर्षांनी मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्या विमानाची उड्डाण चाचणी झाली. गच्चीपासून धुळ्यापर्यंतचा हा सगळा काळ केवळ कागदपत्रांत गेला असं म्हणणं सोपं आहे. विलंबाबद्दलची त्यांची तक्रार रास्तही असेल. पण परवाना आणि टप्प्याटप्प्यानं चाचण्या हा क्रम चुकीचा नाही. फुलसावंगीच्या तरुणाला नेमका हाच क्रम कुणी दाखवून दिला नाही, आणि हळहळ वाटावी अशी गोष्ट ती आहे.

दुसरा गैरसमज मालकीचा. विमान माझं, मीच बांधलं, तर मला हवं ते बदलीन. अमेरिकेत या समजुतीला अर्धा आधार आहे, कारण तिथे हौशी विमानात बदल करण्यासाठी कारखान्याच्या मंजुरीची गरज नसते. मात्र इंजिन किंवा प्रोपेलर बदलण्यासारखा मोठा बदल झाला की विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जातं. नवं विमान साधारणपणे पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या क्षेत्रातच, प्रवासी न घेता उडवायचं असतं. मोठ्या बदलानंतर असे किमान पाच तास पुन्हा काढावे लागतात. भारतात मोकळीक त्याहून कमी आहे. परवाना तपासलेल्या रचनेला दिलेला असतो, मालकाच्या हौसेला नाही. मंजुरीशिवाय रचना बदलली तर प्रमाणपत्र निलंबित झाल्यासारखंच. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, तरी हे सूत्र कायम आहे.

आता इंजिन. मोठं इंजिन बसवलं की विमान त्याच प्रमाणात वेगानं उडेल, असं दुचाकी-चारचाकी हाताळलेल्या माणसाला वाटणं स्वाभाविक आहे. हवेचं गणित वेगळं आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनानं. १०० अश्वशक्तीचं इंजिन काढून १५० चं बसवलं, म्हणजे शक्ती दीडपट केली, तर सरळ उड्डाणातला वेग जेमतेम १४ टक्क्यांनी वाढतो. ताशी १८० किलोमीटर जाणारं विमान २०५ च्या आसपास जाईल. फायदा दिसतो तो चढण्यात: विमान धावपट्टी लवकर सोडतं आणि झपाट्यानं उंची गाठतं. तो फायदा मोलाचाच आहे.

किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे वेगाची मर्यादा. प्रत्येक विमानाचा एक कमाल वेग ठरलेला असतो आणि तो इंजिनावर नव्हे, सांगाड्यावर ठरतो. त्यापलीकडे गेलं की पंखाच्या किंवा शेपटीच्या हलत्या फळ्या थरथरायला लागतात. हे थरथरणं स्वतःलाच खतपाणी घालत काही क्षणांत फळी उखडून टाकू शकतं. वैमानिक त्याला फ्लटर म्हणतात. नवं इंजिन विमानाला या मर्यादेजवळ सहज नेतं आणि मर्यादा मात्र जुनीच राहते.

दुसरी किंमत तोलाची. समजा विमानाचं वजन ५०० किलो आहे, नवं इंजिन जुन्यापेक्षा १५ किलोनं जड आहे आणि ते गुरुत्वमध्याच्या सव्वा मीटर पुढे बसतं. गुरुत्वमध्य साडेतीन सेंटीमीटरहून थोडा जास्तच पुढे सरकतो. ऐकायला हे काहीच नाही. पण लहान विमानात त्याला सरकायला मिळणारी जागाच मुळात वीतभर किंवा त्याहून कमी असते. गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर उतरताना नाक वर उचलता येत नाही. फार मागे गेला तर त्याहून वाईट: वेग कमी होऊन विमान गिरकीत सापडलं की बाहेर काढणं अशक्य होऊ शकतं. म्हणून जाणता बांधणारा बॅटरी नाकातून काढून शेपटीकडे नेतो आणि मग संपूर्ण विमान तिन्ही चाकांखाली काटे ठेवून पुन्हा तोलतो. कागदावरची बेरीज पुरत नाही, कारण वायर, नळ्या, क्लॅम्प, रंग यांचं वजन कुणीच नीट धरत नाही.

रंगाचं तर फारच थोड्या लोकांना ठाऊक असतं. जुन्या रंगावर नवा थर चढवणं ही नुसती सजावट वाटते. पण हलती फळी तिच्या बिजागरीभोवती तोललेली असते, आणि रंगाचं बहुतेक वजन बिजागरीच्या मागे पडतं. दोन थर जास्त बसले की तोल बिघडतो आणि फ्लटर पूर्वीपेक्षा कमी वेगाला येऊ शकतो. फायबरग्लास आणि इपॉक्सीच्या विमानांना पांढरा रंग देण्याचा आग्रहही देखणेपणासाठी नसतो. गडद रंग उन्हात इतका तापतो की आतली राळ मऊ पडून ताकद गमावते.

उन्हाचा विषय निघाला की वर्ध्याचं उदाहरण आपोआप येतं. जिल्ह्यात विमानतळ नाही, सर्वांत जवळचं सोनेगाव नागपूरला; तरी इथल्या मे महिन्याचं गणित प्रत्येक हौशी वैमानिकानं करून पाहावं असं आहे. वर्धा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच. पारा ४५ अंशांवर गेला की तापलेली हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेचार हजार फुटांवरच्या प्रमाणित हवेसारखी भासते. म्हणजे जमिनीवर उभं असतानाच विमान महाबळेश्वरच्या उंचीवर असतं! समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा ही हवा जवळपास एक अष्टमांश विरळ असते. साध्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते, प्रोपेलरची पकड घटते, पंखांना उचल मिळवण्यासाठी जमिनीवर जास्त वेग घ्यावा लागतो. धावपट्टी तीच, पण लागणारं अंतर कितीतरी वाढतं. डिसेंबरच्या सकाळी उत्तम चाललेला बदल मे महिन्याच्या दुपारी अपुरा पडतो, आणि इंजिन थंड ठेवणारी झाकणं, तेलाचा कूलर यांची खरी परीक्षाही तेव्हाच होते.

मोटारीचं इंजिन स्वस्त पडतं, हा गैरसमज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. इंजिन स्वस्त मिळतं हे खरं. पण रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या थोड्याशा भागावर चालते. विमानाचं इंजिन तासन्‌तास तीन चतुर्थांश ताकदीवर राबतं. शिवाय प्रोपेलरच्या टोकांचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की तो हवा ओढण्याऐवजी आवाज करतो. म्हणून लायकॉमिंगसारखी विमानी इंजिनं मिनिटाला २,७०० फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण ताकद देतात आणि प्रोपेलर थेट फिरवतात. मोटारीच्या इंजिनाला ताकद द्यायला याच्या दुप्पट फेऱ्या लागतात, त्यामुळे मध्ये गिअरपेटी घालावी लागते. रोटॅक्स ९१२ हे इंजिन ५,८०० फेऱ्यांपर्यंत जातं आणि त्याची गिअरपेटी कारखान्यातूनच जुळवून येते. घरी जुळवलेल्या गिअरपेटीत कंपनं, घर्षण, उष्णता यांचा हिशेब बांधणाऱ्यालाच करावा लागतो. मोटारीच्या इंजिनावर यशस्वीपणे उडणारी विमानं जगात आहेत. त्यांच्या मालकांनी वाचवलेला पैसा बहुधा कष्टाच्या रूपानं भरलेला असतो.

पंपावरचं पेट्रोल हाही याच विषयाचा भाग. पाच-सात वर्षांपूर्वी कमी इथेनॉलचं पेट्रोल चालवून घेणाऱ्या इंजिनाला आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच मान्यता आहे. इथेनॉल काही रबरी नळ्या फुगवतं, टाकीतली काही लुकणं आणि राळा सोडवतं आणि पाणी शोषून घेतं. वर गेल्यावर थंडी वाढली की हे पाणी इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळी नेमकी तिथूनच निघते. विमानासाठीचं १०० एलएल पेट्रोल वेगळं असतं. ते भारतात पूर्वी आयातच होत असे. इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू केलं.

आणि मग चावीची गोष्ट. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या विमानाची रचना जगभर नावाजलेली. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं १९८० च्या दशकात तिच्यावर आधारित संशोधन विमान उडवलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलणारी चावी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये आहे. अमेरिकेतल्या एका बांधणाऱ्यानं ती डाव्या खांद्यामागे नेली. हेतू चांगला होता: इंधनाची नळी कॉकपिटमध्ये नको. पुढे ते विमान विकलं गेलं आणि गायक जॉन डेन्व्हर यांनी ते घेतलं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरावर ते उडत असताना चावी फिरवायला त्यांना मागे वळावं लागलं. ती फिरायलाही जड होती. तपासाचा निष्कर्ष असा की मागे वळून चावी फिरवताना त्यांचं लक्ष विचलित झालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि विमान ताब्यातून सुटलं. ते पाण्यात कोसळून डेन्व्हर यांचा मृत्यू झाला. बदल करणाऱ्यानं आगीचा धोका कमी केला, आणि माणसाचा हात कुठवर पोचतो याचा विचार निसटला.

एकदा उडालं म्हणजे विमान सिद्ध झालं, ही शेवटची समजूत इथेच गळून पडते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०११ मधल्या हौशी विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विमानं दुसऱ्याकडून विकत घेतलेली निघाली. कारणांत इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही दोन सर्वांत पुढे होती. बांधणाऱ्याला आपल्या विमानातली प्रत्येक वळवलेली नळी आणि हलवलेली चावी माहीत असते. विकत घेणाऱ्याला ती कळण्याचा मार्ग म्हणजे नोंदवही. म्हणून अशा विमानाची पाहणी करताना कॉकपिटमधल्या चकाकणाऱ्या नव्या पडद्यांआधी तीन कागद मागावेत: शेवटच्या बदलानंतर विमान प्रत्यक्ष तोलल्याचा तक्ता, त्या बदलानंतर काढलेल्या चाचणीच्या तासांची नोंद, आणि मूळ आराखड्यापासून कुठेकुठे फारकत घेतली त्याची यादी. यांतला एकही नसेल तर ते विमान तोलून, मोजून, एकट्यानं उडवून पुन्हा पहिल्या तासापासून तपासावं लागतं, मग मागच्या मालकानं त्यावर कितीही तास काढलेले असोत.