अंधारातला व्हिडिओ किती सुधारावा?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. एरंडोलच्या गल्ल्यांतही त्या रात्री जागरण असतं, गाणी आणि फुगड्या रंगतात. उजेड मात्र समईचा, लायटिंगच्या माळांचा आणि एखाद्या बल्बचा. तेवढ्यात मोबाइलवर काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला की दाणेच दाणे दिसतात, चेहरे पुसट होतात आणि स्टुडिओवाल्याला गळ घातली जाते, 'जरा क्लिअर करून द्या.' या मागणीत दोन कामं मिसळलेली असतात. कॅमेऱ्याने टिपलेलं पण दबून गेलेलं वर काढणं हे एक. टिपलंच न गेलेलं बनवून घालणं हे दुसरं. पहिली सुधारणा आहे, दुसरं नवं चित्र आहे. ही सीमा राखली नाही, तर व्हिडिओ सुंदर होतो, पण खरा राहत नाही.

सीमा नेमकी कुठे पडते, हे एक फ्रेम मोठी करून पाहिलं की कळतं. प्रकाश कणाकणाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी 10,000 कण पडले तर स्वाभाविक चढउतार 100 च्या आसपास, म्हणजे 1 टक्का असतो. 100 च पडले तर तो 10, म्हणजे 10 टक्के होतो. मोबाइल उजेड वाढवून दाखवतो तेव्हा हा चढउतारही वाढतो. तेच ते दाणे. पण दर फ्रेमला दाणे बदलतात, चौरंगावरची कानबाई हलत नाही. हाताचा हलकावा काढून 16 फ्रेम एकमेकींवर नीट बसवल्या आणि सरासरी घेतली, तर दाणे चौथ्या हिश्शावर येतात आणि नथीतले मोती सुटे दिसू लागतात. फुगडीचं तसं नाही. सेकंदाला 30 फ्रेम असल्या तर अंधारात शटर जवळजवळ सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहतं. तेवढ्यात हात बराच फिरतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये फराटाच उमटतो. अशा फराट्यांची सरासरी काढून बोटं मिळत नाहीत. म्हणून जाणता एडिटर आधी दाणे कमी करतो, मग काळोखी भाग उचलतो आणि शार्पनिंग शेवटी, बेताने करतो. तेच आधी केलं तर दाणेच धारदार होतात. शिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत घेत नाही, मूळ फाइल मागतो. कारण फाइल लहान करताना अंधारातले बारकावे आधी टाकले जातात.

यावर कुणी म्हणेल, एआय आहे की आता! आहे, पण ते हजारो चेहऱ्यांवरून शिकून पुसट जागी शोभेलसा चेहरा बसवतं. 2020 मध्ये 'पल्स' नावाच्या प्रणालीने बराक ओबामांच्या पुसट फोटोतून एक गोरा माणूस काढून दाखवला होता. घरच्या व्हिडिओत आजीच्या सुरकुत्या गेल्या तर बिघडलं काय, असंही विचारता येईल. आज काही नाही. आजीला सगळे ओळखतात. पण ज्यांनी तिला पाहिलंच नाही, त्या पतवंडांपुढे पुरावा एवढाच उरेल.

हायवेवर प्रश्न अधिक गंभीर होतो. एरंडोलहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 सारख्या रस्त्यावर रात्री गाडी ठोकून पळाली, तर दुकानाच्या सीसीटीव्हीकडे धाव घेतली जाते. नंबरप्लेट 20 पिक्सेलांत मावत असेल, तर एकेका अक्षराच्या वाट्याला दोनच पिक्सेल येतात. तिथे एआय 3 काय, 8 काय, सारख्याच ठामपणे काढून देईल. तपासाला दिशा तरी मिळेल, हा युक्तिवाद इथे उलटतो, कारण ती दिशा निरपराध माणसाच्या दाराशीही नेईल. त्यापेक्षा 'आकडे नक्की वाचता येत नाहीत' हे उत्तर उपयोगी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायाधीशांनी 2024 मध्ये खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ नाकारला. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ते बदलतं. म्हणून स्टुडिओने मूळ फाइल जशीच्या तशी आणि सुधारलेली प्रत वेगळी द्यावी, काय केलं तेही लिहून द्यावं. आणि पुढच्या वर्षी कानबाईसमोर आणखी एक पांढरा बल्ब लावावा. कारण जो उजेड मुळात कॅमेऱ्यात शिरला, तेवढ्याच्याच खरेपणाची खात्री देता येते.