गर्भनिरोधनाचे पर्याय आणि अपयशाचे गणित

हे टिपण तुमच्या अभ्यासक्रमात नाही आणि यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही. मी कोलकात्यात बेहाला भागात राहते आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. मी डॉक्टर नाही. तरीही लिहीत आहे, कारण एकदा सत्रपरीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत येऊन बराच वेळ गप्प बसली होती. तिने महिन्याभरात तीन वेळा आपत्कालीन गोळी घेतली होती आणि तिची पाळी लांबली होती. एकदा घेतलेली गोळी पुढचे काही दिवसही संरक्षण देते, अशी तिची समजूत होती. चाचणी निगेटिव्ह आली, पण त्याआधीचे तीन आठवडे तिला झोप नव्हती. ही मुलगी लाप्लास रूपांतर डोळे मिटून सोडवायची. मग एका गोळीचे कार्य तिला कोणी का सांगितले नव्हते?

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) पश्चिम बंगालमध्ये १५ ते १९ वयोगटातील १६.४ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८ टक्के आणि महाराष्ट्राची ७.६ टक्के होती. यामागे मुख्यतः लवकर होणारी लग्ने आहेत. लग्न झालेले असो वा नसो, सतराव्या-अठराव्या वर्षी शरीराचा व्यवहार एकच असतो आणि माहिती दोघींनाही लागते. मुलांनाही लागते, हे वेगळे सांगायला नको होते, पण सांगावे लागते.

अपयशाचा दर म्हणजे काय

कोणत्याही साधनाबद्दल दोन आकडे दिलेले असतात. पहिला अचूक वापराचा आणि दुसरा प्रत्यक्ष वापराचा. शंभर जोडप्यांनी एक वर्ष ते साधन वापरले, तर किती जणींना दिवस राहतील, हे तो आकडा सांगतो. निरोध दर वेळी बिनचूक वापरला तर २, पण माणसे प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर १३. रोजच्या गोळ्यांसाठी ०.३ आणि ७. तांबीसाठी ०.६ आणि ०.८. काहीच न वापरल्यास ८५. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतील पाहण्यांवरून आलेले आहेत. आपल्याकडे ते थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही.

दोन आकड्यांमधले अंतर पाहा. ते अंतर म्हणजे माणूस. तांबी एकदा बसवली की रोज काही लक्षात ठेवावे लागत नाही, म्हणून तिचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते, म्हणून तिथे वीसपटीहून जास्त फरक पडतो. साधन निवडताना 'कोणते उत्तम' असे न विचारता 'माझ्या हातून कोणते नीट पाळले जाईल' असे विचारा.

आता वर्षाचा आकडा चार वर्षांवर न्या. निरोधाचा प्रत्यक्ष दर १३ टक्के, म्हणजे एका वर्षी निभावून जाण्याची शक्यता ०.८७. चार वर्षांसाठी ०.८७ चा चौथा घात, म्हणजे साधारण ०.५७. पदवीच्या चार वर्षांत एकदा तरी गर्भ राहण्याची शक्यता ४३ टक्के! गोळ्यांसाठी हेच उत्तर २५ टक्के येते, तांबीसाठी ३ टक्के. (यात दर वर्षाचा धोका सारखाच धरला आहे. प्रत्यक्षात निष्काळजी जोडपी लवकर गाळली जातात आणि उरलेल्यांचा दर खाली येतो, म्हणून ४३ हा आकडा जरा फुगलेला आहे. अंदाजासाठी चालेल.)

गोळी आणि निरोध दोन्ही वापरले तर? ०.१३ गुणिले ०.०७, म्हणजे एक टक्क्याहून कमी. पण हा गुणाकार दोन्ही घटना स्वतंत्र असतील तरच खरा. जो विसराळू आहे तो दोन्ही विसरतो. विश्वासार्हतेच्या तासाला आपण याला समान कारणाने होणारे अपयश म्हणतो. एकाच तारेवर दोन पंप जोडले, तर वीज गेल्यावर दोन्ही बंद पडतात. तरीही ही जोडी उत्तमच, कारण लैंगिक संसर्ग आणि एचआयव्हीपासून यांपैकी फक्त निरोधच वाचवतो.

साधने

निरोध कुठे फसतो ते आधी पाहू. तो लॅटेक्सचा असतो आणि खोबरेल तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन यांनी लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होते. आपल्याकडे घरात खोबरेल तेल हाताशी असतेच, म्हणून हे मुद्दाम सांगते. लागल्यास पाण्यावर आधारित वंगण वापरा. पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला निरोध उष्णतेने आणि घर्षणाने खराब होतो. एकावर एक दोन चढवल्याने संरक्षण वाढत नाही, उलट घासून फाटतात. मुदत पाकिटावर छापलेली असते, ती वाचा.

रोजच्या गोळ्यांमध्ये माला-एन सरकारी केंद्रात मोफत मिळते. २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या रोजची सवय मोडू नये म्हणून असतात, आणि रक्तक्षय असलेल्या मुलींना त्यांचा थोडा उपयोगही होतो. संप्रेरकाची एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरावा. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. ज्यांना डोळ्यांपुढे चमकण्यासह अर्धशिशीचा त्रास होतो किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, त्यांनी ही गोळी घेऊ नये. म्हणून सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे.

'छाया' ही निराळी गोळी आहे. तिच्यात संप्रेरक नाही. तिच्यातील सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची. रोजचे लक्षात राहत नाही अशांना सोयीची, पण वार ठरवून न घेतल्यास तिचीही तीच गत. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हा त्याचा अपेक्षित परिणाम आहे आणि त्याने 'आत रक्त साठत' नाही. ते बंद केल्यावर गर्भ राहायला काही महिने जास्त लागू शकतात.

तांबी फक्त बाळंतपणानंतरच बसवतात, असे आपल्या आया-मावश्या सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार वीस वर्षांखालील आणि मूल न झालेल्या स्त्रियाही ती वापरू शकतात. फक्त आधी संसर्ग नाही ना, हे तपासावे लागते. पाळी मात्र जास्त जाऊ शकते.

आता ती आपत्कालीन गोळी. तिच्यात १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. ती बीजकोशातून अंडे सुटणे पुढे ढकलते, इतकेच तिचे काम. अंडे सुटण्याची प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर ती काही करू शकत नाही. म्हणून ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. नीट लक्षात घ्या: अंडे पुढे ढकलले गेले, याचा अर्थ ते नंतर सुटणार आहे. त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला तर धोका उलट तिथेच उभा असतो. माझ्या विद्यार्थिनीची चूक नेमकी इथे होती. ही गोळी विष नाही आणि तिने वंध्यत्व येत नाही. पण वारंवार घेतल्यास पाळीचे वेळापत्रक कोलमडते, आणि मग 'राहिले की नाही' हे कळेनासे होते. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर लघवीची चाचणी करावी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या कामी गोळीपेक्षा बरीच खात्रीची आहे, पण हे औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही.

एक गणिताचा प्राध्यापक

या विषयावर मराठीत लिहिणारे आद्य लेखक गणिताचेच शिक्षक होते. महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. शंभर वर्षे उलटली, तरी डायमंड हार्बर रोडवरच्या औषधाच्या दुकानात निरोधाचे पाकीट आजही वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते. पुण्यातही काही वेगळे दिसत नाही.

कायदा आणि तुम्ही

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला गर्भनिरोधक घेण्यासाठी आईवडिलांची किंवा जोडीदाराची परवानगी लागत नाही. लग्न झाले की नाही, याचाही संबंध नाही. अठराच्या आत मात्र पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे संमतीला कायद्यात अर्थ नाही, आणि अशा संबंधाची माहिती मिळालेल्यावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. पहिल्या वर्षाला येणारे बरेच जण सतरा वर्षांचे असतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मुलगी सतराची आणि मुलगा एकोणीसचा असेल, तर गुन्हा त्याच्यावर दाखल होऊ शकतो.

गर्भ राहिलाच, तर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित स्त्रीलाही साधन फसले हे कारण लागू होते. अठराच्या आत पालकाची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितले आहे की, अल्पवयीन मुलीने किंवा तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव देण्याची गरज नाही. दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही आणि जीव धोक्यात येतो. संबंध जबरदस्तीचा असेल तर कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात.

किशोरवयीनांसाठीची सरकारी केंद्रे पश्चिम बंगालमध्ये 'अन्वेषा' आणि महाराष्ट्रात 'मैत्री' या नावाने चालतात. ती सरकारी रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत असतात आणि तिथल्या समुपदेशकाने बोलणे गुप्त ठेवणे अपेक्षित आहे. वय अठराच्या आत असेल, तर वर सांगितलेले पोक्सोचे बंधन त्यांनाही आहे. जाताना शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेली औषधे आणि पूर्वीचे आजार कागदावर लिहून न्या. तिथे पहिले प्रश्न हेच असतात आणि घाबरल्यावर तारीख हमखास आठवत नाही.