वृत्तपत्रविद्येचे शिक्षण आणि सीमेवरचा विद्यार्थी

पत्रकारिता ही विद्यापीठात शिकवण्याजोगी विद्या आहे काय, की ती अंगच्या गुणाने आणि अनुभवानेच साध्य होते, हा वाद जुना आहे. आम्हां पांढुर्णा-सौसरकडील शिक्षकांपुढे मात्र तो निराळ्या रूपाने उभा राहतो. बारावीनंतर भोपाळला किंवा नागपूरला जाऊन हा अभ्यासक्रम घेऊ इच्छिणारे विद्यार्थी आमच्याकडे सल्ला विचारण्यास येतात. त्यांना काय सांगावे, याचा विचार एका प्रसंगाने आम्हांस करावयास लावला.

काही वर्षांपूर्वी एका हिंदी दैनिकात बातमी आली की, आमच्या भागातील संत्र्याच्या बागा पाण्याविना तणावाखाली असून वाळू लागल्या आहेत. वस्तुतः त्या बागा मालकांनी ताणावर सोडल्या होत्या. आंब्या बहार धरावयाचा तर हिवाळ्यात झाडाचे पाणी काही आठवडे मुद्दाम तोडावे लागते. हलक्या जमिनीत ताण थोडा, भारी जमिनीत अधिक. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि पुन्हा पाणी मिळताच झाड फुलते. बातमीदाराने शेतकऱ्याचा शब्द ऐकला, पण त्यास हिंदी अर्थ लावला. ती बातमी वाचून खताच्या दुकानदाराने त्या शेतकऱ्यास उधारी देताना हात आखडला. चौकशी करता कळले की, बातमीदार पत्रकारितेचा पदवीधर असून आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे. त्याच्या घरी मराठीच बोलतात.

हा दोष विद्यापीठाच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. विद्यापीठाचे काम काय, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या देशात या शिक्षणाचा पाया स्वातंत्र्यापूर्वीच घातला गेला. लाहोरला पंजाब विद्यापीठाने १९४१ साली आपला विभाग उघडला. आमच्या शेजारी नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये, तर पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये हे शिक्षण सुरू झाले. भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी यांच्या नावाचे पत्रकारिता विद्यापीठ १९९० च्या कायद्याने स्थापन झाले. बातमी मिळवणे, पडताळणे व संपादणे, वृत्तपत्रांचा इतिहास, अब्रुनुकसानी व न्यायालयाचा अवमान यांविषयीचे कायदे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात आणि आता संगणकावरील माध्यमे, असा या शास्त्राचा विस्तार आहे. तो उपेक्षणीय खासच नाही. हिंदीत ज्यास जनसंचार म्हणतात त्यास मराठीत जनसंज्ञापन हा शब्द रूढ आहे. जे एकास कळले ते दुसऱ्यास यथार्थपणे कळवणे, हा त्याचा गाभा. मात्र बोलणाराची भाषा एक आणि छापणाराची दुसरी, असे जेथे असते, तेथे हे कळवणे दुप्पट अवघड होते.

आमची स्थिती नेमकी अशी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला. बाजारात, बागेत, माजघरात मराठी. कचेरीत आणि बहुतेक शाळांत हिंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीची बातमी दरवर्षी देशभर जाते. जखमींची संख्या तीत असते, आणि ती असलीच पाहिजे. परंतु गोटमार या नावातील गोटा हा आपला मराठी गोटा आहे, पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्याला गावकरी काय मानतात, आणि ज्यांच्या घरचा माणूस या खेळात गेला ते काय म्हणतात, हे बाहेरून आलेल्या बातमीदारास कसे कळावे? ते आमच्या मुलास कळू शकते. किंबहुना, ते कळणे हीच त्याची खरी शिदोरी आहे.

दोन भाषांत उभे राहणे हे वैगुण्य नव्हे, याची साक्ष इतिहास देतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले 'दर्पण' मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. माधवराव सप्रे यांचे उदाहरण तर आम्हांस अधिक जवळचे. जन्म दमोह जिल्ह्यातला, मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले, १९०७ मध्ये नागपुरात 'हिंदी केसरी' चालवला आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. हिंदी पत्रकारितेच्या आद्य पुरुषांत ज्यांची गणना होते, त्यांच्या हिंदीला मराठीचे पाठबळ होते. भोपाळात त्यांच्या नावाने १९८४ पासून वृत्तपत्रांचे संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने ते अवश्य पाहावे.

तेव्हा विद्यार्थ्यास आम्ही सांगतो, की विद्यापीठात जरूर जा. पण घरची भाषा दाराबाहेर ठेवून जाऊ नकोस. आणि आम्हां शिक्षकांचे कर्तव्य त्याआधीच सुरू होते. आमच्या शाळेत आता नववी-दहावीचे विद्यार्थी महिन्यातून एकदा बागवान, कुंभार, हमाल अशा एखाद्याची मुलाखत घेतात. त्याचे शब्द जसेच्या तसे मराठीत टिपतात, मग त्यांची हिंदी बातमी करतात, आणि ती त्याच माणसास वाचून दाखवतात. तो 'हेच म्हटलं होतं मी' असे म्हणेल, तेव्हाच गुण मिळतात. यास खर्च काही नाही. साहित्यसंस्थांनी सीमाभागातील अशा शब्दांचे कोश करण्यास शाळांना साहाय्य केले, तर हे काम अधिक पक्के होईल.

तो माजी विद्यार्थी पुढे आम्हांस भेटला. दैनिकाने दुरुस्ती छापली होती. ती त्याने स्वतः लिहिली होती. 'सर, ताण हा शब्द मला घरात माहीत होता, कागदावर आठवला नाही,' असे तो म्हणाला. घरात माहीत असलेला शब्द कागदावर आणणे हे शाळेचे काम होते. ते आमच्याकडून राहिले होते.