यंत्राचें बिऱ्हाड

इ. स. २०१७ च्या जून महिन्याच्या अखेरीस मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरांतील एका धक्क्याचें काम एकाएकीं विस्कळित झालें. वादळ नव्हतें, संप नव्हता, यारीहि मोडली नव्हती. कोणती पेटी कोणाची आणि ती कोणत्या जहाजावर चढवावयाची, हें सांगणारे संगणक तेवढे मुके झाले होते. या धक्क्याचा कारभार डेन्मार्कमधील मर्स्क या जहाजी उद्योगसमूहाशीं निगडित होता. आणि युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ नांवाच्या विध्वंसक आज्ञावलीनें २७ तारखेस त्या समूहाचे जगभरचे संगणक कांहीं तासांतच निकामी केले होते. पुढें दहा दिवसांत मर्स्कनें सुमारें ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानें उभे केले, असें तिच्या अध्यक्षांनीं २०१८ च्या जानेवारींत दावोस येथें सांगितलें. असें काम कसें साधतें आणि कोठें अडतें, हें समजण्यासाठीं प्रथम ‘संपूर्ण बॅकअप’ म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे.

सर्व्हर म्हणजे अनेकांच्या सेवेस वाहिलेला संगणक. पेढीची खतावणी, इस्पितळांतील रोग्यांच्या नोंदी, विद्यापीठाच्या गुणपत्रिका त्याच्यापाशीं असतात. त्याची नक्कल दोन प्रकारें ठेवितां येते. एक केवळ कागदपत्रांची, दुसरी सर्वस्वाची. सर्वस्वांत यंत्राचा मूळ कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम येते, तिच्यावर चालणारें सॉफ्टवेअर येतें, कोणास काय पाहण्याची मुभा आहे याच्या नोंदी येतात, आणि यंत्र सुरू होतांना सर्वांआधीं वाचला जाणारा मजकूरहि येतो. पहिल्या प्रकारांत वह्या वांचतात. दुसऱ्यांत वह्यांबरोबर दुकानहि वांचतें.

मूळ यंत्र शाबूत असेल, तर ही प्रत त्यावर पुन्हा उतरविणें फारसें अवघड नाहीं. खरी कसोटी लागते ती जुनें यंत्र जळाल्यावर किंवा मोडल्यावर निराळ्या बनावटीच्या यंत्राशीं गांठ पडते तेव्हां. बिऱ्हाड हलविणाऱ्या गृहिणीस यांतलें मर्म सांगावयास नको. सामान तेंच, माणसें तींच. परंतु नव्या घराच्या दारांतून कपाट आंत जात नाहीं, पाळण्याच्या कड्या जागेवर नाहींत, आणि मोरी भलत्याच बाजूस. जुन्या प्रतींत जुन्या घराचीं मापें भरलेलीं असतात. सर्व अडचणींचें मूळ तेंच.

पहिली अडचण जागेच्या वांटणीची. नव्या यंत्राची डिस्क कोरी असल्यामुळें तें स्वतः होऊन सुरू होत नाहीं. म्हणून आपत्कालाकरितां तयार ठेविलेल्या लहानशा यूएसबी साधनावरून तें चालू करावें लागतें, आणि मग डिस्कचे भाग पाडून प्रत उतरवावी लागते. जुन्या ‘बायॉस’ पद्धतीच्या यंत्रांतील वांटणीचा तक्ता सामान्यतः २ टेराबाइटांपलीकडची जागा जाणत नाहीं. नव्या ‘यूईएफआय’ पद्धतीच्या यंत्रास सुरू होण्यासाठीं एक छोटा स्वतंत्र भाग लागतो. तो न दिल्यास सगळी माहिती डिस्कवर सुखरूप असूनहि यंत्र जागें होत नाहीं.

दुसरी अडचण अधिक विचित्र आहे. डिस्कशीं बोलणारा नियंत्रक प्रत्येक बनावटीचा वेगळा, आणि त्याची भाषा जाणणारा ‘ड्रायव्हर’ नामक दुभाषाहि वेगळा. जुन्या प्रतींत जुन्या नियंत्रकाचा दुभाषा असतो. नव्याचा हवा, तर तो डिस्कवर ठेवावा लागतो. परंतु तो असल्यावांचून डिस्क वाचतांच येत नाहीं. पेटीची किल्ली पेटींतच राहावी, तशी ही गत. यावर उपाय असा कीं, प्रत उतरविल्यानंतर, पण यंत्र पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीं, आपत्कालीन साधनाच्या आधारें नवा दुभाषा बाहेरून आंत घालावयाचा. ही पायरी चुकली, म्हणजे विंडोज निळा पडदा दाखवून थांबतें आणि लिनक्स आपली डिस्क सांपडत नाहीं अशी तक्रार करीत बसतें.

तिसरी अडचण पत्त्याची. नव्या यंत्राचें नेटवर्क कार्ड निराळें, म्हणून त्याचें यंत्रणेंतील नांवहि बहुधा निराळें पडतें. जुना पत्ता मात्र जुन्या नांवाशींच जोडलेला राहतो. सर्व्हर सुरू होतो, पण त्याच्यापर्यंत कोणी पोहोंचूं शकत नाहीं. चौथी अडचण कुलुपाची. डिस्क सांकेतिक लिपींत कुलूपबंद केलेली असेल आणि तिची किल्ली जुन्या यंत्रांतील सुरक्षा-चिपमध्यें असेल, तर त्या यंत्राबरोबर किल्लीहि गेली. विंडोजमधील बिटलॉकर अशा वेळीं ४८ अंकी संख्या मागतो. ती संख्या मेलेल्या सर्व्हरमध्येंच जपून ठेविली असेल, तर तिचा उपयोग तो काय?

एवढें झाल्यावरहि जाणता माणूस सर्व्हर एकदम जगाशीं जोडीत नाहीं. प्रत ज्या दिवशींची, तोच दिवस चालू आहे असें समजून तो जुनीं पत्रें पुन्हा धाडील, झालेलीं कामें पुन्हा करील. म्हणून प्रथम तो एकाकी सुरू करून तपासतात. मग प्रत घेतल्यानंतरच्या दिवसांची उणीव भरून काढतात. आणि नव्या यंत्राची पहिली प्रत लगोलग घेतात. वेळेचा हिशेबहि आधींच मांडलेला बरा. सेकंदास १ गिगाबिट वेगाच्या तारेवरून २ टेराबाइट माहिती आणावयास, कोठेंहि खोळंबा न होतां, जवळजवळ साडेचार तास लागतात.

मर्स्कच्या हकीकतींत नेमका याहून मोठा पेंच पडला. तिच्या बहुतेक सर्व्हरांच्या तीन ते सात दिवसांपूर्वींच्या प्रती मिळाल्या. मिळेना ती ‘डोमेन कंट्रोलर’ची प्रत. कोण कोठला आणि कोणास कोठें प्रवेश, हें सांगणारा हा संस्थेचा द्वारपाल. त्याच्यावांचून बाकीच्या प्रती असून नसल्यासारख्या. असे सुमारें १५० द्वारपाल जगभर होते आणि ते एकमेकांच्या नोंदी सतत जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहेच, हा त्यामागचा भरंवसा; सगळे एकाच वेळीं जातील, हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. अखेर घानामधील कार्यालयांत एक द्वारपाल जिवंत सांपडला. हल्ल्यापूर्वीं तेथील वीज गेल्यामुळें तो नेटवर्कपासून तुटला होता, आणि त्यामुळेंच वांचला. त्यांतील शेंकडों गिगाबाइट माहिती तेथल्या मंद तारेवरून पाठवावयाची, तर कित्येक दिवस गेले असते. आणि तेथील कर्मचाऱ्यांपाशीं ब्रिटनचा परवाना नव्हता. शेवटीं एकानें ती डिस्क नायजेरियापर्यंत नेली, आणि तेथून दुसऱ्यानें विमानानें इंग्लंडांत आणली. मर्स्कनें आपलें नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतकें अंदाजिलें.

आरशांतील प्रतिमा आणि पेटींतील छायाचित्र यांत जो फरक, तोच सतत जुळणारी जोडयंत्रें आणि बॅकअप यांत आहे. चेहऱ्यास जखम झाली कीं आरशांतहि ती दिसते. छायाचित्र तसेंच राहतें. परंतु छायाचित्र खरोखर पेटींत आहे ना, हें अधूनमधून उघडून पाहावें लागतें. २०१७ च्याच जानेवारीच्या ३१ तारखेस गिटलॅब या कंपनींत चुकून मुख्य सर्व्हरवरील सुमारें ३०० गिगाबाइटांचा संग्रह पुसला गेला. रोजची प्रत घेण्याचें काम केव्हांच बंद पडलें होतें, आणि तें बिघडल्याची सूचना देणारीं पत्रें कोणास पोहोंचतच नव्हतीं. एका अभियंत्यानें दुसऱ्याच कामासाठीं सहा तास आधीं घेतलेल्या प्रतीवर कंपनी तरली. मधले सहा तास मात्र कायमचे गेले.

वीज जाणें आणि दुसऱ्याच कामाची प्रत हातीं लागणें, हे दोन्ही योगायोग होते; योगायोगावर कोणाचा संसार चालत नाहीं. म्हणून शहाण्या संस्था एक प्रत यंत्रणेपासून पूर्णपणें तोडून दुसऱ्या जागीं ठेवितात, किल्ल्यांचे आंकडे कागदावर लिहून तिजोरींत ठेवितात, आणि वर्षांतून एकदां तरी निराळ्या यंत्रावर सगळें बिऱ्हाड मांडून पाहतात. घरांतील लग्नाचीं छायाचित्रें आणि वडिलांचीं पत्रें एकाच डिस्कवर सांठविणाऱ्या कुटुंबासहि हाच नियम लागू आहे. जी प्रत एकदांहि उतरवून पाहिली नाहीं, तिच्यावर विसंबणें म्हणजे न मोजलेल्या पुंजीवर लग्नाचा मुहूर्त धरणें होय.