मत्स्यक्षेत्र पूर्वसूचना
सागरात मासळीचे थवे ज्या भागात एकवटण्याचा संभव असतो, तो भाग उपग्रहीय निरीक्षणांवरून निश्चित करून मच्छीमारांना कळविण्याच्या व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. भारतात हे कार्य हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) करते.

उपग्रहाला मासा दिसत नाही. दिसतात त्या माशाच्या अन्नाच्या खुणा. खोल थरातील थंड व पोषकद्रव्ययुक्त पाणी वर आले, की सूर्यप्रकाशात सूक्ष्म वनस्पतिप्लवक झपाट्याने वाढतात, त्यांवर प्राणिप्लवक पोसतात आणि त्यांच्या मागोमाग तारली, बांगडा यांसारखे मासे येतात. अवरक्त प्रारणांवरून पृष्ठजलाचे तापमान व पाण्याच्या रंगावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढता येते. उष्ण व थंड पाण्यांच्या सीमारेषा आणि हरितद्रव्याच्या सीमारेषा जेथे जुळतात, ती जागा संभाव्य मत्स्यक्षेत्र मानतात. प्रारंभी केवळ तापमानाचाच आधार होता. ओशनसॅट-१ (१९९९) या उपग्रहावरील सागररंगमापकामुळे हरितद्रव्याची जोड मिळाली. पुढे ओशनसॅट-२ (२००९) व ओशनसॅट-३ (२०२२) यांनी ते काम चालू ठेवले. आकाश ढगाळ असेल, तर दोन्ही मापने अडतात. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात (पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै) या सूचना दिल्या जात नाहीत.

नुसता नकाशा तांडेलाच्या उपयोगी पडत नाही, हे ध्यानात घेऊन सूचनेची मांडणी केलेली असते. मासळी उतरविण्याच्या ठरावीक बंदरापासून दिशा, अंतर आणि त्या जागेची खोली अशा स्वरूपात ती प्रादेशिक भाषांतून दिली जाते. बंदरांवरील विद्युत् फलक, दूरध्वनी, मच्छीमार संस्था आणि अलीकडे भ्रमणध्वनी ही तिची साधने होत. मासळीचा शोध घेण्यात जाणारा वेळ व डिझेल वाचणे, हा तिचा मुख्य लाभ होय.

तथापि हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. दूर जाऊ शकणाऱ्या आणि थव्याभोवती जाळे टाकणाऱ्या नौकांना सूचना विशेष उपयोगी पडते. उत्तर कोकणातील कोळ्यांचे डोल जाळे मात्र जागीच रोवलेले असते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून लावलेल्या या जाळ्यात बोंबील व जवळा आपसूक शिरतात. ते केव्हा लावावे व केव्हा उपसावे, हे उधाण व भांग यांच्या पिढीजात हिशेबाने ठरते; हे ज्ञान उपग्रहाने दिलेले नाही. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मासळी कोठे मिळेल हे सूचना सांगते, पण किती पकडावी हे सांगत नाही. एकाच क्षेत्राची वार्ता अनेक नौकांना एकाच वेळी मिळाल्यास तेथे गर्दी होऊन मासळीच्या साठ्यावर ताण पडू शकतो. म्हणून जाळ्याच्या आसाचे आकारमान व बंदीचा काळ यांविषयीचे नियम या व्यवस्थेबरोबरच पाळावे लागतात.

सागराच्या स्थितीचा अंदाजही हेच केंद्र देते. तो बंदरे, जहाज वाहतूक आणि समुद्रातील तेलविहिरी यांनाही लागतो. वार्ता तयार होणे आणि ती नौकेपर्यंत पोहोचणे यांतील अंतर २०१७ च्या ओखी चक्रीवादळात प्रकर्षाने उघड झाले. केरळ व तमिळनाडूचे अनेक मच्छीमार तेव्हा आधीच भ्रमणध्वनीच्या टप्प्याबाहेर खोल समुद्रात होते व इशारे त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. अनेकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर २०१९ मध्ये ‘गगन’ उपग्रह यंत्रणेवर आधारित ‘जेमिनी’ हे ग्राहक उपकरण आले. किनाऱ्यापासून दूरही ते इशारे व मत्स्यक्षेत्र सूचना घेऊन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखविते; मात्र त्यावरून उलट संदेश पाठविता येत नाही. नौकेवरूनही संकटसंदेश धाडता यावा, यासाठी सु. १ लाख नौकांवर उपग्रहीय संदेशक बसविण्याची योजना २०२४ मध्ये पालघर येथे सुरू करण्यात आली.